गढूळ लाझारची बायको

पेर्सा त्सुर्चिन ओट्याखाली वाकली की आधी नळ बघत नाही, पाइप बघत नाही. आधी टाकीला गुडघा लावते आणि दोन्ही हातांनी ती बोटभर उचलते. "हलकी असेल तर पाणी येत नाही. जड असेल तर पाणी जात नाही. दोनच रोग आहेत, बाकी सगळे नखरे," असं ती प्रत्येक घरात सांगते. घरातली बाई ओल्या हातांनी शेजारी उभी असते आणि मान हलवते. मी दारात गाडीची किल्ली फिरवत थांबलेली असते, कारण पेर्साला गाडी येत नाही आणि मला दुसरा उद्योग नाही.

आमच्या बानात प्रांतातलं पाणी खोल विहिरींचं. पिवळसर, जड, त्यात विषाचा अंश सापडला म्हणून पिऊ नका असा सरकारी कागद अठरा वर्षांपूर्वी चौकात लागला, तो अजून लागलेलाच आहे. पावसानं खराब झाला की नवा लावतात. तेव्हापासून गावात दोनच जाती उरल्या. एक, चौकातल्या शुद्ध पाण्याच्या नळावर कॅन घेऊन रांग लावणारे, आणि दुसरी, ओट्याखाली आरओ बसवून घेतलेले. पेर्सा या दुसऱ्या जातीची वैद्य आहे. वय एकसष्ट. बिस्किटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं पुडे भरले, कारखाना बंद पडला, नवरा गेला, आणि ज्या वयात बायका नातवंडांचे मोजे विणतात त्या वयात ही बाई बस पकडून इश्त्वान नावाच्या हंगेरियन मिस्त्रीकडे आरओ दुरुस्ती शिकायला जाऊ लागली. लोकांना वाटलं पोटासाठी. पोटासाठी नव्हतं. ती सूड शिकायला गेली होती आणि मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तिचा नवरा लाझार शाळेची बस चालवायचा. मऊ माणूस. घरामागे जर्दाळूची नऊ झाडं होती, त्यांची तो दरवर्षी राकिया, म्हणजे फळांची दारू, गाळायचा. दोनदा गाळलेली राकिया फार कडक निघते, तिच्यात पाणी घालून ती पिण्याजोगी करावी लागते, आणि पाणी चुकलं, जड असलं, की दोन-तीन दिवसांत ती दुधाळ होते, सगळं गेलं. आमच्या बागायतदार मंडळाची ऑक्टोबरात स्पर्धा असते. तिचा नियम असा की फळ घरचं, हात घरचा, पाणीही घरचं. दुकानातलं बाटलीबंद पाणी घातलं तर नाव कापलं. हा नियम केला होता मंडळाच्या अध्यक्षानं, स्वेतोझार रादाकनं. गावात बहुतेक आरओ त्यानंच बसवलेले, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत. माणूस उंच, आवाज मोठा, आणि आपल्याला न कळणारी गोष्ट या पृथ्वीवर नाही अशी खात्री.

आठ वर्षांपूर्वी, स्पर्धेच्या आठवडाभर आधी, लाझारच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. त्यानं मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री आला, पाच मिनिटं ओट्याखाली खुडबुड केली, आणि नळ खळाखळा वाहू लागला. लाझारनं भोळेपणानं दोनदा विचारलं, "पाणी नीट आहे ना हो?" मिस्त्री म्हणाला, "धार बघ की. डोळे फुटले का?"

लाझारनं त्याच पाण्यात राकिया उतरवली. स्पर्धेच्या दिवशी सांस्कृतिक भवनात गाव भरलं होतं. परीक्षकाच्या खुर्चीत मिस्त्री. त्यानं लाझारचा पेला मोठ्या खिडकीच्या उजेडात धरला आणि हसायलाच लागला. "लाझार, डबक्यातनं पाणी आणलंस का? ही राकिया आहे की भांडी विसळलेलं पाणी?" मग पेला कुंडीत रिकामा केला. सगळं भवन हसलं. मीही हसले. हे लिहायला मला आवडत नाही, पण हसले, तोंडावर हात ठेवून का होईना. त्या दिवसापासून तो गढूळ लाझार झाला. बसमधली पोरं म्हणायची, दुकानात म्हणायचे. दोन वर्षांनी तो हृदयाच्या झटक्यानं गेला, आणि दफनानंतरच्या जेवणाला कोणीतरी सहज विचारलं, "कुठला लाझार? गढूळ का?" पेर्सा सूप वाढत होती. तिनं वाढणं थांबवलं नाही.

त्या रात्री तिनं ओट्याखालचा आरओ स्वतः उघडला. त्यात एक पांढरा नळा असतो, हातभर लांबीचा, आत मेम्ब्रेनची घट्ट गुंडाळी बसवलेली. पाणी खरं शुद्ध करते ती हीच, आणि पाणी हळू येतं ते हिच्यामुळेच. पेर्सानं झाकण फिरवलं तर नळा आतून मोकळा. मेम्ब्रेन काढून टाकलेलं. मिस्त्रीनं धार वाढवली होती ती अशी. लाझारनं राकियात घातलं ते विहिरीचं जड पाणीच होतं, नुसतं कोळशातून गेलेलं. आणि ज्यानं हे केलं त्यानंच तो पेला कुंडीत ओतला होता.

दुसऱ्या दिवशी मला तिनं तो रिकामा नळा दाखवला. म्हणाली, "रुझे, तुझ्याकडे गाडी आहे." मी हसले होते हे तिनं पाहिलं होतं. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. मीही गाडीचा विषय निघाला की कधी नाही म्हटलं नाही.

सहा वर्षांत तिनं मिस्त्रीची घरं एकेक करून काढून घेतली. धार कमी झाली म्हणून बोलावलं की जायची, टाकी उचलून बघायची. पुढचे फिल्टर चिखलानं भरले असतील तर बदलायची, पाइप दुमडला असेल तर सरळ करायची. टाकीतली हवा गेली असेल तर पाणी काढून सायकलच्या पंपानं हवा भरायची. आणि जिथे नळा रिकामा सापडे तिथे तो घरच्या बाईच्या हातात द्यायची. काही बोलायची नाही. बायका नळ्यातून आरपार बघायच्या आणि नंतर मिस्त्रीचा फोन उचलायच्या नाहीत. शेवटी मिस्त्रीनं धंदा सोडला आणि पाठ धरली म्हणून सोडला असं सांगू लागला. पण मंडळाचा अध्यक्ष तोच, परीक्षक तोच, आणि लाझार थडग्यातही गढूळच. पेर्साला धंदा नको होता. तिला नाव परत हवं होतं, आणि ते ज्याच्या तोंडानं गेलं त्याच्याच तोंडानं हवं होतं.

गेल्या ऑक्टोबरात, स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी बाराला तिला फोन आला. मिस्त्रीची सून नेवेना. सहा महिन्यांची गरोदर, गोड पोरगी. "पेर्सामावशी, आमच्या नळाला धारच नाही हो. पप्पा सकाळपासून कॅन लावून बसलेत आणि नुसते धुसफुसतायत. तुम्ही याल का? मी बोलावलंय असं सांगू नका."

मी गाडी काढली.

मिस्त्रीच्या स्वयंपाकघरात वेतानं मढवलेल्या दोन मोठ्या बुधल्या उभ्या होत्या, राकियानं अर्ध्या भरलेल्या. स्पर्धेच्या सुरुवातीला अध्यक्षाची राकिया सगळ्या भवनाला वाटायची आमच्याकडे रीत आहे. बुधल्या संध्याकाळी सहाच्या आत मेण लावून भवनात पोचायला हव्या होत्या आणि नळाखालच्या कॅनमध्ये चार बोटं पाणी होतं. मिस्त्री स्टुलावर बसला होता.

"हिला कोणी बोलावलं?"

"धारेनं," पेर्सा म्हणाली आणि वाकली. गुडघा लावून टाकी उचलली. जड. टाकीच्या कुशीत सायकलच्या ट्यूबला असतो तसा वॉल्व्ह असतो, त्यात तिनं नखानं सुई दाबली. फुस्स झालं नाही, पाणीही आलं नाही. ती उठली. "टाकी पाण्यानं भरलीय, पण तिला ढकलायला हवा नाही. आतली पिशवी शाबूत आहे. पाच मिनिटांचं काम. पंप गाडीत आहे."

"मग आण."

"आणते. पण आधी रविवारी भवनात उभं राहून एक वाक्य बोलायचं कबूल करा, मिस्त्री. लाझारची राकिया लाझारमुळे गढूळ झाली नव्हती, मी त्याच्या फिल्टरमधनं मेम्ब्रेन काढलं होतं म्हणून झाली. एवढंच."

मिस्त्री उभाच राहिला. "काय काढलं होतं? तो बोळा?"

"बोळा?"

"बोळाच. पाणी कोंडायला घालतात तो. कंपनीवाल्यांची चाल आहे सगळी, दर दोन वर्षांनी नवा विकायला. पाणी साफ होतं ते कोळशानं. मी पन्नास घरांतनं काढून फेकलाय तो, कोणाचं काय वाकडं झालं? तुझ्या लाझारचा काढला तर उलट धार लागली पावसाळ्यातल्या पन्हळीसारखी. उपकार राहिले बाजूला. पेर्सावहिनी, तू बिस्किटं मोजत होतीस ना, तेव्हा मी या गावाला पाणी पाजत होतो. राकिया नासली ती त्याच्या हातानं नासली. नाचता येईना, अंगण वाकडं."

मला वाटलं आता पेर्सा पाना फेकून मारणार. तिनं पाना फडक्यात गुंडाळला.

"बरं मिस्त्री. तुम्हाला जास्त कळतं."

"कळतंच. आता बघ, माझ्याकडचाही बोळा काढतो आणि दोन मिनिटांत धार लावतो. आणि याच पाण्यानं रविवारी पहिला पेला तुलाच देतो."

अंगणात नेवेना रडकुंडीला येऊन उभी होती. पेर्सानं तिचा हात धरला. "पोरी, मी सांगेपर्यंत त्या नळाचं थेंबभर पाणी तोंडात घालायचं नाही. चहालासुद्धा नाही. चौकातनं आणायचं. का ते विचारू नकोस, सासऱ्याला सांगू नकोस. पोटातल्याची शपथ घे." नेवेनानं घेतली. आतून नळ जोरात वाहिल्याचा आवाज आला आणि मागोमाग मिस्त्रीचं हसणं.

गाडीत मी विचारलं, "सांगणार नाहीस त्याला?"

"मला सहा वर्षं वाटत होतं की तो लबाड आहे," ती म्हणाली. "समजून उमजून केलं, वर हसला. रोज रात्री मी त्या लबाडाशी भांडत होते. आणि निघाला काय, तर नुसता मूर्ख. त्याला माहीतच नाही, रुझे. माझा माणूस एका मूर्खाच्या बडबडीनं मेला." ती काचेतून बाहेर बघत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. "लबाडाला कधीतरी लाज वाटेल अशी आशा तरी असते. याला आता त्याचंच पाणी पिऊ दे."

मी कबूल करते की मला आनंद झाला. घरी जाऊन मी केक भाजला.

रविवारी भवन खच्चून भरलं. पहिल्या बुधलीचं मेण फोडलं, पेले भरले, दोनशे माणसांच्या हातात गेले. पिण्याआधी सगळ्यांनी खिडकीकडे तोंड करून पेला उजेडात धरायचा, मग अध्यक्षानं शुभेच्छा द्यायच्या, मग प्यायचं. सगळ्यांनी पेले धरले. मिस्त्रीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पेल्यात दूध सांडल्यासारखं धुकं होतं. माझ्या पेल्यात, पाद्रीबाबांच्या पेल्यात, सगळ्यांच्या.

मागून कोणीतरी म्हणालं, "गढूळ."

मिस्त्रीनं दुसरी बुधली मागवली, स्वतः ओतून बघितली. तीही तशीच. मग हसू सुटलं, आधी मागच्या बाकांवर, मग पुढे. मी हसले आणि या वेळी तोंडावर हात ठेवला नाही. मिस्त्रीनं गर्दीत पेर्साला शोधलं. ती हसत नव्हती. तिनं आपला पेला जवळच्या कुंडीत रिकामा केला, शाल घेतली आणि निघून गेली.

सोमवारी सकाळी तो तिच्या फाटकाशी आला. हातात ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं मेम्ब्रेन. मी तिथे कॉफी पीत होते, मुद्दाम उठले नाही.

"तो बोळा नाही," तो म्हणाला.

"नाही."

"गुरुवारी तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

"सांगायचं होतंस."

"लाझारनं तुला दोनदा विचारलं होतं," पेर्सा म्हणाली. इतकी वर्षं ती त्याला अहोजाहो करत आली होती, ते त्या वाक्यात संपलं. "सांगितलं होतंस?"

वाळलेल्या जर्दाळूच्या पानांवर उभा राहून तो टॉवेल पिळत होता. मग म्हणाला, "सून नळाला हात लावत नाही. कॅन वाहून आणते, त्या अवस्थेत. मी भरलं तर पीत नाही. नीट बसवून दे. काय म्हणशील ते."

"बुधल्या ओतल्यास का?"

"अजून नाही."

"ओतू नकोस. शनिवारी पितरांचा दिवस आहे. दोन्ही बुधल्या घेऊन लाझारच्या थडग्यापाशी ये. सकाळी आठला."

मग ती पंप घेऊन आमच्याबरोबर गेली, मेम्ब्रेन धुऊन बसवलं आणि टाकी रिकामी केली. हवा मात्र तिनं भरली नाही, पंप त्याच्या हातात दिला. अध्यक्ष फरशीवर उकिडवे बसून पंप मारत होते आणि ती वर उभी राहून सांगत होती, "अजून. अजून. बास." नेवेनाला तिनं सांगितलं की पहिल्या दोन टाक्या मोरीत सोड, मग पी.

पितरांच्या शनिवारी सगळं गाव दफनभूमीत असतं. मेणबत्त्या लावायच्या, आपल्या माणसाच्या थडग्यावर थोडी राकिया ओतायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या नावानं एक पेला द्यायचा. मेलेल्याच्या नावाचा पेला आमच्याकडे कोणी नाकारत नाही. शत्रूही नाकारत नाही, पाप लागतं.

सकाळी पेर्सा गाडीत बसली तेव्हा तिच्या मांडीवर टॉवेलात उभी धरलेली एक बाटली होती. म्हणाली, "खड्डे चुकव. ही आठ वर्षं हललेली नाही." मी दहाच्या वेगानं गेले, मागून ट्रॅक्टर भोंगे मारत होते.

मिस्त्री बुधल्या घेऊन आधीच उभा होता. पेर्सानं त्याच्या हातात पेला दिला. "वाट."

त्यानं वाटायला सुरुवात केली. प्रत्येकाला म्हणायचा, "लाझारच्या आत्म्यासाठी." आधी हळू म्हणत होता. लोक पेला घेत, सवयीनं उजेडात धरत, तो गढूळ पेला बघत, मग मिस्त्रीकडे, मग दगडावरच्या नावाकडे, आणि पीत. नाकारता येत नव्हतं. जे जे आठ वर्षांपूर्वी लाझारला हसले होते त्यांना पेर्सा नावानं हाक मारून बोलावत होती. तिला सगळे पाठ होते. बेकरीवाला, शाळेचा शिपाई, टपालवाली. त्या जेवणाला "गढूळ का?" विचारणारा म्हातारासुद्धा. रांग लागली. दुपारी बाराच्या सुमारास ती माझ्याकडे वळली.

"तूसुद्धा, रुझे."

मी प्यायले. खडूसारखी चव होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते राकियाचं नव्हतं, आणि तिनं ते पाहून मान हलवली, घर सारवून झाल्यावर हलवतात तशी. त्यानंतर आमच्यात काही देणं उरलं नाही.

मग तिनं टॉवेल काढला. लाझारची त्या सालची शेवटची बाटली होती ती, लोणच्यांच्या मागे ठेवलेली. तळाशी नखाएवढा पांढरा गाळ बसला होता. त्याच्यावर गळ्यापर्यंत राकिया होती, सोनेरी, आरपार दिसणारी. तिनं बाटली न हलवता सूर्यासमोर धरली.

"परीक्षक तू ना?" तिनं विचारलं. "बघ."

मिस्त्री वाकून बघत राहिला. त्याचा चेहरा बाटलीतून पलीकडे दिसत होता.

"साफ आहे."

"मोठ्यानं बोल. तो खोल आहे."

"साफ आहे," मिस्त्री ओरडला. आवाज चिरकला. "लाझारची राकिया साफ होती. घाण माझी होती."

पेर्सानं हळूच बाटली कलती केली आणि दगडाच्या पायथ्याशी थोडी राकिया ओतली, गाळ हलू न देता. जर्दाळूचा वास सुटला. मग तिनं स्वतः एक घोट घेतला आणि बाटली नेवेनाच्या नाकाशी नेऊन तिला नुसता वास दिला. मिस्त्रीनं आपला रिकामा पेला पुढे केला. सकाळपासून उभा होता, आणि मला वाटलं आता ही देईल. मेलेल्याच्या नावानं मागितलेला पेलासुद्धा आमच्याकडे कोणी नाकारत नाही.

पेर्सानं त्या पेल्याकडे बघितलं. मग खिशातून बूच काढलं आणि बाटलीत तळहातानं ठोकून बसवलं.

"रुझे," ती म्हणाली, "गाडी काढ. आणि येताना आणलीस तशीच हळू चालव."